जर्दाळू थंडीनं मरत नाही, घाईनं मरतो

मिनेसोटाच्या बागेतली एप्रिलअखेरची नोंद.

काल पहाटे पारा उणे ५ वर गेला. जर्दाळू फुलोऱ्यात. दहा वाजता ब्लेड घेऊन बसलो आणि फुलं उभी चिरून पाहिली. मधला स्त्रीकेसर काळा पडला असेल तर फूल मेलं, हिरवा असेल तर जिवंत. ७ नंबरचं झाड पूर्ण उमललेलं, तिथं शंभरात ८१ काळी. १९ नंबरच्या कळ्या अजून मिटलेल्या, तिथं शंभरात १४.

याच झाडांनी जानेवारीत उणे ३२ सोसलं. एक फांदी वाळली नाही. आणि पीक नेलं ते उणे ५ नं.

कारण साधं आहे. जर्दाळूचा थंडीचा कोटा लवकर भरतो. मग तो फक्त उबेची वाट बघत बसतो. मार्चमध्ये चार दिवस ऊन पडलं की कळी फुगते, आणि फुगलेली कळी पुन्हा पहिल्यासारखी कणखर होत नाही. कॅनडातल्या मॉर्डन केंद्रानं मांचुरियाच्या बियाण्यातून 'स्काउट' हा वाण १९३७ साली दिला. पुढं मिनेसोटा विद्यापीठानं 'मूनगोल्ड' आणि 'सनगोल्ड' दिले. लाकूड कणखर झालं, पण फुलायची घाई काही गेली नाही.

माझी २४ रोपं या शेवटच्या दोघांच्या कोयांची. ओल्या वाळूत, फ्रीजमध्ये तीन महिने ठेवून रुजवलेली. त्यात ७ नंबरचं फळ सगळ्यात गोड. अण्णा निफाडहून आले होते तेव्हा त्यांनी खाल्लं आणि म्हणाले, "बाकी काही कर, हे झाड ठेव." परवा फोनवर म्हणाले, "वारा पडला की शेकोट्या पेटव." द्राक्षात त्यांनी जन्मभर तेच केलं. मीही पेटवल्या. पण पाच वर्षांत चार वेळा हीच गत झाली. एका झाडासाठी दरसाल रात्र जागवायची, याला वाण म्हणत नाहीत.

म्हणून यंदा वेगळं केलं. गारठा यायच्या आधीच ७ नंबरच्या उमलायला आलेल्या कळ्यांतून परागकोश काढले, कागदावर वाळवले, बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवले. आठवड्याभरात १९ नंबर उमलेल. उमलायच्या आत त्याच्या कळ्यांतले पुंकेसर काढायचे, ब्रशनं हे पराग लावायचे आणि वर जाळीची पिशवी बांधायची. गोडी ७ ची, सबुरी १९ ची, असं एखादं रोप निघालं तरी पुष्कळ. फळ बघायला अजून चार-पाच वर्षं.

नव्या रोपांना जागा लागणार, म्हणून फळधारणा झाली की ७ नंबरला करवत लावणार आहे. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. पण ते हे पान रोज वाचतात, म्हणजे आता कळलंच.

तुमच्याकडं असं चांगल्या चवीचं, पण दर वर्षी हातचं जाणारं झाड असेल, तर काय केलंत ते जरूर लिहा.