फेट्यांचं गाव

मराठी ग्रामीण चित्रपट म्हटला की एकच गाव डोळ्यांपुढे येतं. फेटेवाला पाटील, उसाचा मळा, चावडी, तमाशाचा फड. बोलणं कोल्हापूरकडचं. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला आणि पुण्याच्या विजयानंदला 132 आठवडे चालला. आम्हा जळगाव जामोदच्या लोकांनाही तो आपलाच वाटत आला. पण त्या गावात कुणी ‘मले-तुले’ म्हणत नाही, कपाशी वेचत नाही, अन् उत्तरेला सातपुडाही नाही. स्टुडिओ कोल्हापूर-पुण्यात, आणि आमचा वऱ्हाड 1956पर्यंत मध्य प्रदेशात; राग तरी कुणावर धरायचा?

तिकडे वेल्समध्ये 1949 साली ‘अर एतिवेद्याइथ’, म्हणजे ‘वारसा’, हा माहितीपट निघाला. संपादक जॉन रॉबर्ट्स विल्यम्स आणि छायाचित्रकार जेफ चार्ल्स यांनी वेल्श बोलणाऱ्या शेतकऱ्यांचं सरत चाललेलं जग त्यात टिपून ठेवलं. गाव दाखवायला पुढे कुणाला केलं, तर फ्रेडी ग्रँटला! युद्धाच्या धामधुमीत लिव्हरपूलहून खेड्यात पाठवलेला हा कृष्णवर्णीय मुलगा तिथेच वेल्श शिकला होता. आपली भाषा टिकेल की नाही या काळजीतल्या माणसांनी बाहेरून आलेल्या पोराचे डोळे उसने घ्यावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं. निवेदनाचा आवाज मात्र कनन या नामांकित कवीचा. पाहणारा एक, बोलणारा दुसरा; तेवढी मेख राहिलीच.

आमच्याकडे तर बाहेरून कुणाला आणायचीही गरज नव्हती. चालठाणा, कुवरदेव ही निहाल आदिवासींची गावं आमच्याच तालुक्यात, सातपुड्याच्या अंगाला. निहाली बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. तिचं नातं मराठीशी नाही, शेजारच्या कोरकूशी नाही, जगातल्या कुठल्याच भाषेशी अजून सिद्ध झालेलं नाही. अभ्यासक लांबून येतात. कॅमेऱ्याला ही वाट पन्नास-साठच्या दशकांत सापडली नाही. पुढे 1977 साली ‘जैत रे जैत’मुळे ठाकर आदिवासी पडद्यावर आले, पण मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या रूपाने. सिनेमा देखणाच आहे, वाद नाही. ठाकरांनी त्यात आपल्याला कितपत ओळखलं, हे विचारायला हवं होतं.

बाजाराच्या दिवशी पहाडातल्या बाया खाली उतरतात. दुकानदाराशी मोडक्या वऱ्हाडीत किंवा हिंदीत घासाघीस, आपसात आपली बोली. आमची पोरं सिनेमातल्या पाटलाची नक्कल झकास करतात. निहाली कानावर पडली की ‘कोरकू बोलून रायल्या’ म्हणतात अन् पुढं जातात.