मण्याला काय चिकटलं?

मणी करणं सोपं. ऑप्टिकल फायबरचं आवरण सोलायचं आणि उघड्या टोकावर लेसरचा झोत धरायचा. काच वितळते आणि पृष्ठताणानं आपोआप गोल होते. व्यास केसाच्या जाडीएवढा. या कामात मुरलेले लोक त्याला बोट लावत नाहीत. धूळ बसली की मणी बाद.

ताणून बारीक केलेला दुसरा फायबर शेजारी आणला की त्यातला प्रकाश मण्यात शिरतो आणि आतल्या काठाकाठानं घिरट्या घालतो, विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज भिंतीच्या कडेनं पलीकडे पोचते तसा. (त्या घुमटाचा अभ्यास खुद्द सी. व्ही. रामन यांनी केला होता.) ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश असा टिकतो. मण्याला काही चिकटलं की ती तरंगलांबी किंचित सरकते.

संशोधक फ्रँक व्होल्मर आणि स्टीफन आर्नल्ड यांनी २००८ मध्ये इन्फ्लुएन्झाचा एकटा विषाणू असा पकडला. प्रथिन त्याहून कितीतरी लहान, तिथं नुसती काच पुरेना. २०१३ मध्ये आर्नल्ड यांच्या न्यूयॉर्कमधल्या गटानं मण्याच्या विषुववृत्तावर सोन्याचं कवच असलेला नॅनोकण बसवला आणि थायरोग्लोब्युलिनचा एकेक रेणू टिपला. थायरॉइडच्या कर्करोगात ग्रंथी काढल्यावर डॉक्टर रक्तातल्या याच प्रथिनावर नजर ठेवतात.

पडद्यावर रेणू दिसत नाही, दिसते त्या तरंगलांबीची एक रेघ. ती सावकाश सरकू लागली तर समजावं, तापमान हललं. अंशाच्या हजाराव्या भागाचा फरकही इथं लपत नाही. रेघेला एकदम पायरी पडली तर कान टवकारायचे, पण हुरळून जायचं नाही, कारण पायरी एखाद्या बुडबुड्याचीही असू शकते. म्हणून जाणता माणूस आधी प्रथिनाशिवायचं नुसतं द्रावण सोडतो आणि रेघ बघत बसतो. काम कंटाळवाणं, पण पुढची सगळी भिस्त त्यावरच.

खरी डोकेदुखी रक्ताची. मिलिलिटरभर रक्तद्रवात थायरोग्लोब्युलिन मोजायचं नॅनोग्रॅममध्ये, आणि अल्ब्युमिन हे दुसरं प्रथिन मात्र चाळीसेक मिलिग्रॅम. मण्यावर थायरोग्लोब्युलिन धरणारी प्रतिपिंडं लावली तरी ही गर्दी जागा मिळेल तिथं बसतेच. त्यातून हवा तो रेणू मण्यापर्यंत पोचायला हवा. फेमटोमोलर इतक्या विरळ द्रावणाच्या एका मायक्रोलिटरमध्ये असे रेणू सहाशेच्या आसपास, आणि मणी एकच! एका रेणूच्या विक्रमाचं कौतुक करताना ही वाट बघणं बऱ्याचदा हिशेबात धरलं जात नाही.

डेव्हिड वॉल्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उलटा रस्ता धरला. प्रतिपिंडं लावलेले ढीगभर चुंबकीय मणी नमुन्यात ढवळायचे, मग इवल्या खळग्यांत एकेक बसवून रेणू धरलेल्या मण्यांचे किती खळगे उजळले ते मोजायचं.