पुटपुटणाऱ्याची झडती

झडती हा शब्द झाडणे या क्रियेच्या घरातला. ओसरी झाडावी, अंगरखा झटकावा, तसे माणसाला झाडून पाहणे म्हणजे त्याची झडती. हिशेबाच्या बाजूनेही या कुळातला शब्द आपल्याकडे जुना आहे: कारकुनाला जमाखर्चाचा झाडा द्यावा लागे. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. ज्याची झडती होते त्याने उत्तर द्यायचे असते. ते कोणत्या भाषेत द्यायचे, हा प्रश्न मात्र शब्दकोशात नाही, आणि आमच्या वकिलीच्या अनुभवाने सांगतो, कायद्याच्या पुस्तकातही तो फार उशिरा आणि फार थोड्या ठिकाणी आला आहे.

रस्त्यात माणसाला थांबवून त्याचे अंग चाचपण्याच्या पोलिसी अधिकारावर जगात सर्वांत मोठा वाद झाला तो अमेरिकेत. त्याचे मूळ एका साध्या प्रसंगात आहे. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी क्लीव्हलंड शहरात मार्टिन मॅकफॅडन नावाच्या मुरलेल्या गुप्तहेर पोलिसाने दोन माणसांना एका दुकानाच्या काचेसमोरून पुनःपुन्हा येरझारा घालताना पाहिले. तिसरा येऊन मिळाला. मॅकफॅडन पुढे झाला, आपली ओळख सांगितली आणि त्यांची नावे विचारली. ती माणसे काहीतरी पुटपुटली. त्यासरशी त्याने त्यांतल्या टेरी नावाच्या इसमाला गर्रकन फिरवून कपड्यांवरून चाचपले. ओव्हरकोटात पिस्तूल सापडले. १० जून १९६८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अंगझडती वैध ठरविली. अटकेला लागते तेवढे सबळ कारण नसले तरी, माणूस सशस्त्र आणि धोकादायक असल्याचा वाजवी संशय असेल तर पोलिसाने वरच्या कपड्यांवरून चाचपून पाहावे, एवढीच ती मुभा. एकट्या न्यायमूर्ती डग्लस यांनी विरोधी मत नोंदविले.

तीस वर्षांच्या वकिलीनंतर हा निकाल पुन्हा वाचताना आमची नजर एका क्रियापदावर थांबते: पुटपुटली. पिस्तूल खरेच होते, येरझाराही खऱ्या होत्या; टेरीची कड आम्ही घेत नाही. पण पोलिसाच्या प्रश्नाला स्पष्ट, मोठ्या आवाजात, पूर्ण वाक्यात उत्तर न येणे ही गोष्ट त्या दिवशी संशयाच्या तराजूत पडली. आपल्यापैकी किती जणांना परक्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न पुटपुटता देता येईल?

क्लीव्हलंडमधली ती छोटी मुभा न्यूयॉर्कमध्ये केवढी वाढली हे सांगितले पाहिजे. २०११ या एका वर्षात त्या शहरात पोलिसांनी ६,८५,७२४ वेळा लोकांना थांबविले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी 'फ्लॉइड विरुद्ध न्यूयॉर्क शहर' या खटल्यात जो निकाल दिला, त्यात जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळातल्या सुमारे ४४ लाख थांबवण्यांचा हिशेब आहे. थांबविलेल्यांपैकी ८८ टक्के लोकांवर पुढे काहीच झाले नाही, ना अटक ना समन्स. निम्म्याहून थोड्या अधिकांचे अंग चाचपले गेले. त्या चाचपण्यांत शस्त्र सापडले ते दीड टक्का वेळा. थांबविलेल्यांत ५२ टक्के कृष्णवर्णीय होते, जे शहराच्या लोकसंख्येत २३ टक्के होते. हा व्यवहार घटनाबाह्य असल्याचे न्यायाधीशांनी ठरविले.

आम्हाला त्या निकालात आकड्यांहून अधिक गुंतवून टाकले ते शब्दांनी. न्यूयॉर्कच्या पोलिसाला प्रत्येक वेळी एक छापील फॉर्म भरावा लागे. त्यावर कारणांच्या चौकटी. योग्य तिथे खूण करायची. त्यांतली अतिशय लाडकी चौकट होती 'चोरट्या हालचाली'. चोरट्या म्हणजे कशा, हे साक्षीत विचारले तेव्हा चालण्याची दिशा बदलणे, अस्वस्थ दिसणे, मागे वळून पाहणे अशी उत्तरे आली. दुसरी गंमत पाहा: थांबविताना नेमक्या कोणत्या गुन्ह्याचा संशय होता हे न लिहिलेले फॉर्म २००४ मध्ये एक टक्का होते, ते २००९ मध्ये ३६ टक्क्यांवर गेले. शब्द झिजत गेला तसा हात सैल होत गेला.

पोलिसांची बाजू पोकळ नव्हती. महापौर ब्लूमबर्ग आणि त्यांचे पोलीस प्रमुख सांगत की, गोळीबारात मरणारे बहुसंख्य लोक त्याच वस्त्यांतले असतात, आणि झडतीच्या धाकाने तरुण पिस्तूल घरी ठेवून बाहेर पडतात. ज्याचा मुलगा गोळीने गेला त्या बापासमोर नागरी स्वातंत्र्याचे व्याख्यान देणे सोपे नसते. परंतु पुढे जे घडले त्याने या युक्तिवादाची धार गेली. थांबविण्याचे प्रमाण २०१७ पर्यंत बारा हजारांच्या आत आले. खून २०११ मधल्या ५१५ वरून २९२ वर उतरले. झडत्या कमी केल्यामुळे खून घटले असे कोणी म्हणू नये, पण झडत्या थांबल्या की शहर रक्ताने न्हाईल हे भाकीत खोटे ठरले. २०१९ च्या नोव्हेंबरात ब्लूमबर्ग यांनी या धोरणाबद्दल जाहीर माफी मागितली.

आणि हा सगळा वाद होऊ शकला तो त्या फॉर्ममुळे. वाईट भरलेला का होईना, प्रत्येक थांबवण्याचा कागद होता.

आपल्याकडे काय आहे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, आणि तिच्याआधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, झडतीचे नियम मुख्यतः जागेच्या झडतीचे आणि अटक झालेल्याच्या अंगझडतीचे आहेत. कारणे लिहून ठेवा, पंच बोलवा, यादी करा, स्त्रीची झडती स्त्रीनेच आणि मर्यादा राखून घ्यावी. रस्त्यात थांबवून चाचपण्याचा अधिकार अमली पदार्थ, शस्त्रे, दारू अशा वेगवेगळ्या कायद्यांतून तुकड्यातुकड्याने येतो. १ जुलै २०२४ पासून झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचे कलमही आले आहे. पण या साऱ्या व्यवस्थेचा डोळा सापडलेल्या वस्तूवर आहे. सापडले तर पंचनामा. काही सापडले नाही, तर ती झडती झालीच नव्हती!

(जाता जाता: पंचनामा हा शब्द जुन्या मुंबई इलाख्याच्या वारशाने आमच्याकडच्या कन्नड ठाण्यांतही नांदतो, तर जुन्या म्हैसूरकडे त्याच कागदाला 'महजर' म्हणतात. मराठेशाहीत गोतसभेच्या निवाडपत्राला महजर म्हणत, तोच हा शब्द. बंगळुरूहून आलेल्या कागदांत तो दिसला की परगावी जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटते.)

सीमाभागात राहणाऱ्याला नाका नवा नाही. गोव्याची दारू, निवडणुकीतली रोकड, या ना त्या कारणाने गाडी थांबते. काही वर्षांपूर्वी चोर्ला घाटातून बेळगावला येताना आमची बस अशीच थांबविली गेली. शेजारी सत्तरीतले एक वृद्ध गृहस्थ, लेकीकडे निघालेले. शिपायाने पिशवीकडे बोट दाखवून विचारले, "एन ऐती इद्राग?" आजोबांना कन्नडचे अक्षर येत नव्हते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "कांय ना." तो खालचा आवाजच नडला. पिशवी सीटवर उलटी झाली. आमसुले, काजू, लुगड्याची घडी, आणि औषधाची एक बाटली, जी बूच काढून हुंगण्यात आली. मग शिपाई पुढच्या सीटकडे वळला. तो उद्धट नव्हता. बहुधा विजापूरकडून बदलीवर आलेला, मराठी-कोकणी न जाणणारा तरुण. आम्ही मध्ये पडून दुभाष्याचे काम केले तोवर आजोबा खाली वाकून आमसुले वेचू लागले होते. महाराष्ट्राच्या नाक्यावर एखाद्या कन्नड ट्रकचालकाच्या वाट्याला हेच येते, हेही आम्ही पाहिले आहे. त्या दिवशीच्या झडतीचा कागद कुठेही नाही. सरकारच्या लेखी आजोबांना कोणी थांबविलेच नाही, मग तक्रार कशाची आणि आकडेवारी कशाची?

भाषेचा मुद्दा कायद्याला अगदीच अनोळखी आहे असे नाही. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे हरिकिसन नावाच्या नागपूरच्या स्थानबद्धाचा खटला आला. स्थानबद्धतेची कारणे त्याला इंग्रजीत दिली होती; इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या, अशी त्याची मागणी होती. सरकारचे म्हणणे, इंग्रजी ही राजभाषा आहे आणि अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले आहे. न्यायालयाने दोन्ही सबबी नाकारून त्याची सुटका केली. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने मिहिर शहा प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले: अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. म्हणजे स्थानबद्धाला त्याची भाषा मिळाली, अटक झालेल्याला मिळाली. बसमधून उतरविलेल्याला अद्याप नाही.

अपवाद म्हणावा असे एक कलम आहे, अमली पदार्थ कायद्याचे ५०. अंगझडतीपूर्वी त्या माणसाला सांगावे लागते की, राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेतली जावी असे मागण्याचा तुला हक्क आहे. बलदेव सिंग (१९९९) आणि विजयसिंह जाडेजा (२०१०) या निकालांनी ते सांगणे बंधनकारक ठरविले. २०१४ च्या परमानंद प्रकरणात दोन आरोपींना मिळून एकच नोटीस दिली होती आणि दोघांच्या वतीने एकानेच सही केली होती. न्यायालय म्हणाले, प्रत्येकाला वेगवेगळे सांगा. हा निकाल भाषेविषयी नाही, तरी त्याचा तर्क भाषेपर्यंत पोचतोच. दोघांत एकाला सांगणे हे जर सांगणे नव्हे, तर न कळणाऱ्या भाषेत सांगणे ते काय?

या जागी नेहमी एक शब्द पुढे येतो: सहकार्य. २०२१ च्या ऑक्टोबरात हैदराबादेत पोलीस दुचाकीस्वारांना अडवून त्यांच्या फोनमधील व्हॉट्सॲपवर 'गांजा' हा शब्द शोधत असल्याच्या चित्रफिती पसरल्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींनी सांगून तेव्हा चार वर्षे झाली होती. अधिकाऱ्यांचे स्पष्टीकरण असे की, कोणाचा फोन हिसकावलेला नाही, लोक सहकार्य करीत आहेत. गणवेशातला माणूस हात पुढे करतो तेव्हा फोन देणे याला सहकार्य म्हणायचे असेल तर आजोबांनीही सहकार्यच केले होते. न्यूयॉर्कने २०१८ पासून यासाठी नियम केला: जिथे झडतीला संमतीवाचून दुसरा आधार नाही तिथे, नकार देता येतो हे पोलिसाने साध्या शब्दांत सांगायचे, आणि समोरच्याला इंग्रजी नीट येत नसेल तर दुभाष्याची सोय वापरायची. २०२४ मध्ये तिथल्या नगर परिषदेने महापौरांचा नकाराधिकार डावलून साध्या चौकशीपुरत्या थांबवण्याच्याही नोंदी ठेवण्याचा कायदा केला. आमच्या नाक्यांवर मराठी, कन्नड आणि कोकणी अशा तीन भाषांत छापलेले वीतभर कागद ठेवायला असा किती खर्च येणार आहे? थांबविल्याची वेळ, कारण, काय सापडले, आणि 'काही सापडले नाही' यासाठी एक चौकट.

तोवर आम्ही उलटतपासणीत एक प्रश्न न चुकता विचारतो. मागच्या महिन्यात कलम ५० च्या एका खटल्यात तपास अधिकाऱ्याला विचारला. आरोपी डोंगराकडच्या वाडीतला, मराठीवाचून दुसरी भाषा न येणारा. संमतीपत्र कन्नडमध्ये, खाली त्याचा अंगठा.

"हक्काची माहिती कोणत्या भाषेत दिली?"

"कन्नडमध्ये."

"त्याला ती समजली हे कशावरून?"

साक्षीदार थोडा थांबला. "त्याने मान डोलावली."

"होकाराची की नकाराची?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीशांनी हरकत फेटाळली आणि प्रश्न नोंदवून घेतला. उत्तराच्या जागी लिहिले आहे: आठवत नाही.