दुसऱ्या फेरीचे कपडे

मुलाखतीची पहिली फेरी पार पडून दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलं, की घरात आधी विषय निघतो तो कपड्यांचा. मागच्या वेळचेच घालायचे, की ते त्यांनी पाहिलेत म्हणून दुसरे काढायचे? आमच्याकडेही तेच झालं. मुलगा शाळेत रुळल्यावर मी पुन्हा नोकरी शोधायला लागले होते. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं, आणि लग्नाआधी दुधाच्या प्रयोगशाळेत काम केलेलं. खाद्यपदार्थ तयार करणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात जागा निघाली होती. पहिली फेरी पुण्यातल्या ऑफिसात झाली. तिला मी राखाडी रंगाची सुती मंगळगिरी साडी नेसून गेले होते, पायात कोल्हापुरी, हातात दोन-दोन बांगड्या. त्या वातानुकूलित खोलीत ते सगळं अगदी जागच्या जागी वाटलं होतं.

मग फोन आला. "मॅडम, सेकंड राउंड आपल्या शिरवळच्या प्लँटवर आहे. अकरा वाजता गेटवर या. इंटरव्ह्यू झाला की प्लँट राउंड होईल." एवढंच. काय घालून या, काय नको, याबद्दल एक शब्दही नाही.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. मैत्रीण म्हणाली, आता वरचे साहेब असणार, ब्लेझर घे. नणंदेनं तिची नवी सिल्कची साडी काढून ठेवली. जाऊबाईंचं म्हणणं, साडीवर निवड झाली आहे तर साडीच नेस, शकुन मोडू नकोस. सगळ्यांचं म्हणणं मायेचं होतं. पण मला राहून राहून आठवत होते ते पहिल्या फेरीत समोर बसलेल्या एका माणसाचे हात.

त्या दिवशी टेबलापलीकडे तिघं होते. मनुष्यबळ विभागाच्या बाई सुंदर काठाच्या साडीत, त्यांच्या शेजारचे गृहस्थ टाय लावून आलेले. तिसरे गुणवत्ता विभागाचे प्रमुख. साधा आकाशी शर्ट, बाह्या दुमडलेल्या, वरच्या खिशात पेन नाही. डाव्या मनगटावर घड्याळाचा फिका पट्टा उमटलेला, पण घड्याळ नव्हतं. बोटावर अंगठीची खूण होती, अंगठी नव्हती. नखं मुळापर्यंत कापलेली. भरणा यंत्र धुऊन झाल्यावर स्वॅब नेमका कुठून घ्यायचा, हा प्रश्न त्यांनीच विचारला होता. नळीच्या जोडाच्या आतून, रबरी वॉशरच्या कडेनं, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी मान वर करून नीट पाहिलं होतं. हा माणूस थेट प्लँटवरून आला होता. दुसऱ्या फेरीत मला त्यांच्या घरी जायचं होतं, असंच म्हणायला हवं.

खाद्यपदार्थांच्या कारखान्यात कपडे हा कामाचाच भाग असतो. २०११ च्या अन्नसुरक्षा परवाना नियमांना जोडलेल्या चौथ्या अनुसूचीत कामगारांच्या स्वच्छतेबद्दल लिहिलेलं आहे. नखं कापलेली हवीत, केस झाकलेले हवेत, काम करताना अंगावर दागिने नकोत. निर्यात करणाऱ्या कंपन्या याच्याही पुढे जातात. त्यांच्या कोटांना शिवलेली बटणं नसतात आणि कमरेच्या वर बाहेरून खिसे नसतात, कारण वाकलं की खिशातलं पेन सरळ टाकीत जातं. जखमेवर लावायची पट्टीसुद्धा निळी असते, कारण निळ्या रंगाचा खाण्याचा पदार्थ जवळजवळ नसतोच. मालात पडली तरी लगेच दिसते. केस, टिकली, मणी, कानातल्याची फिरकी, सुटलेला धागा या सगळ्यांना तिथे एकच नाव, फॉरिन मॅटर. कुणाच्या तरी लहान मुलाच्या घासात ते जाऊ नये, म्हणून एवढा जामानिमा.

हे मला ठाऊक होतं, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांना बोलण्याआधी दिसावं असं मला वाटलं. पहिल्या फेरीला आपण अनोळखी माणसांसमोर जातो. म्हणून नीटनेटकं, चारचौघांत शोभेल असं काहीही चालतं. दुसऱ्या फेरीला जाताना आपण त्या माणसांना पाहिलेलं असतं, त्यांचं काम ऐकलेलं असतं. त्यातलं काय काय आपल्या ध्यानात आलं, हे तेव्हाच्या कपड्यांवरून कळतं. माझ्यापुरता कपड्यांचा प्रश्न इथेच सुटला. राहिली ती जुळवाजुळव.

साडी बाद झाली. साडीवर माझा फार जीव आहे, पण कन्व्हेअरच्या पट्ट्यापाशी पदर नको. ओढणीही नको. घेरदार पलाझोची खालची कड ओल्या फरशीवर भिजते, म्हणून तोही नको. गुडघ्यापर्यंतचा सरळ कुर्ता, कोपरापर्यंत बाही आणि घोट्यावर संपणारी साधी पँट, एवढंच उरलं.

यंत्राजवळचं सैल कापड काय करतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझं माहेर इचलकरंजीचं. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सगळं गावच मागावर जगायला लागलं. माझे वडील, अण्णा, तिथे माग दुरुस्त करणारे जॉबर होते. मागाचा पट्टा फिरत असताना सदऱ्याची बाही कशी ओढली जाते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. कामावर जाताना ते बाह्या घट्ट दुमडत, सदरा आत खोचत आणि गळ्यातला दोरा काढून खुंटीला अडकवत. १९४८ च्या कारखाने कायद्यातही कलम २२ मध्ये म्हटलं होतं, की चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्यानं अंगासरशी बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकानं पुरवावेत. अण्णांनी तो कायदा वाचलेला नव्हता. त्यांना तो अंगवळणी पडलेला होता.

कापड कुठलं घ्यायचं, हे विचारायला त्यांनाच फोन लावला. माझ्याकडे दोन कुर्ते होते, दोन्हींच्या आत 'कॉटन' अशी चिठ्ठी शिवलेली. अण्णा म्हणाले, "चिठ्ठीवर जाऊ नगंस. शिवणीतल्या कापडाचा एक धागा काढ आन् पेटवून बघ की."

गॅलरीत स्टीलची ताटली घेऊन बसले. पहिल्या कुर्त्याच्या आतल्या शिवणीतल्या कापडातून बोटभर धागा उपसला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. तो आक्रसला, काळपट धूर सोडून वितळला आणि टोकाला टणक मणी तयार झाला. गार झाल्यावर दाबून पाहिला, फुटेना. मग दुसऱ्याचा धागा लावला. तो कागदासारखा भुरूभुरू जळाला, वासही जळक्या कागदाचा. चिमूटभर करडी राख उरली, तीही बोटानं चोळताच उडून गेली. फोन कानालाच होता. अण्णांनी विचारलं, "गोळी झाली का राख?" म्हटलं, "दुसऱ्याची राख." "मग त्योच घाल."

हा सूत-पॉलिएस्टरचा फरक नुसत्या हौसेचा नाही. सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत बर्नर पेटलेला असतो, तारेचं कडं ज्योतीत लालबुंद करून घ्यावं लागतं. बाजूला ऑटोक्लेव्ह १२१ अंश सेल्सिअसवर चाललेला असतो, खोली तापलेली असते. सुती कापडाला ठिणगी लागली तर ते जळतं. पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. शिवाय त्यावरून कोट चढवला की घाम जिरायला वाट राहत नाही. दुसरा कुर्ता फिका निळा होता, त्यावर कुठेही जर नाही, आरसे नाहीत, लोंबते गोंडे नाहीत. पुढचं एक बटण सैल होतं, ते दुहेरी दोऱ्यानं पक्कं करून घेतलं. उसवलेले धागे कात्रीनं उडवले.

खरा अवघड विषय मंगळसूत्राचा होता. बांगड्या काढता येतील, पण गळा मोकळा ठेवून मुलाखतीला जायचं, हे सासूबाईंना कसं सांगावं याचा मी दोन दिवस विचार करत होते. शेवटी स्वयंपाकघरात विषय काढला. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, मी ऑपरेशन थिएटरला होते तेव्हा काय गळ्यात घालून उभी राहत होते? हात कोपरापर्यंत धुवायचे तर बांगड्या कुठल्या? ड्यूटीला गेलं की रुमालात बांधायचं आणि लॉकरला ठेवायचं. घरी आलं की देवासमोर परत घालायचं." त्यांची नोकरी महापालिकेच्या दवाखान्यात झाली, हे मला माहीत होतं, तो रुमाल मात्र माहीत नव्हता. त्यांनी उठून कपाटातून एक पांढरा सुती रुमाल काढून दिला. "ह्यात बांध. आणि हातानं चाचपत बसू नकोस तिथं, लक्ष उडतं." मला फार बळ आलं. आपल्या घरातल्या बायकांनी कामाच्या जागी काय काय बाजूला ठेवलं आणि कसं सांभाळून परत आणलं, हे त्यांना कुणी कधी विचारतच नाही.

नेलपॉलिश काढली, नखं कापली. अत्तर लावायचं नाही असं ठरवलं, कारण त्याचा वास मालाला लागतो. केसांचा घट्ट अंबाडा घातला, म्हणजे टोपी नीट बसते. फक्त बूट विकत आणावे लागले. लक्ष्मी रस्त्यावर हिंडून, सपाट तळव्याचे, पुढून-मागून बंद आणि ओल्या फरशीवर न घसरणारे काळे बूट घेतले. घरात चार दिवस मोजे घालून वापरले. नवे बूट चावायला लागले की माणसाचं उत्तराकडे लक्ष राहत नाही.

सुती कापडाची एकच कटकट, ते चुरगळतं. उष्णता आणि ओल मिळाली की सुतातले बंध सैल होतात आणि गार होताना आहे त्या आकारात घट्ट बसतात. इस्त्री त्याच तत्त्वावर चालते, आणि घामेजून बसल्यावर पडणाऱ्या चुण्याही त्याच तत्त्वावर. म्हणून मी कुर्त्यावर पाण्याचा हात फिरवून रात्रीच कडक इस्त्री केली आणि पूर्ण गार होईपर्यंत हँगरला लावून ठेवला. इस्त्रीचा गरम कपडा लगेच घातला तर तो पुन्हा मोडतो. स्वारगेटहून साताऱ्याची एसटी धरली. बसताना कुर्त्याचा मागचा पल्ला चिरेतून बाजूला घेतला, पुढचा मांडीवर सरळ ठेवला. कात्रज मागे पडलं, खेड शिवापूरचा टोलनाका गेला, नीरेचा पूल ओलांडला आणि शिरवळ आलं.

गेटवर दागिन्यांसाठी ट्रे होता. माझ्या अंगावर काढून ठेवण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दोघीच उमेदवार होतो. दुसरी अगदी तरुण, नुकतीच पदवी घेतलेली, भोरकडच्या गावाहून आलेली. तिनं जॉर्जेटचा मण्यांचं काम असलेला लांब ड्रेस घातला होता, पायात उंच टाचेचे उघडे सँडल. घरातल्यांनी नक्कीच पैसे जमवून घेऊन दिले असणार. मुलाखतीची वाट बघताना ती माझ्याशी बोलली. मला विचाराल तर तिचं रसायनशास्त्र माझ्यापेक्षा पक्कं होतं.

प्लँट राउंडच्या वेळी आम्हाला कोट, टोपी, बुटांवरून चढवायचं आवरण दिलं. उघड्या सँडलवरून ते आवरण चालत नाही, म्हणून तिला आत सोडलं नाही. तिनं काचेच्या खिडकीतून पाहिलं. मी भरणा यंत्रापर्यंत गेले. तिथे छताच्या पाइपवर बाष्प साचून थेंब धरला होता, बरोबर उघड्या डब्यांच्या ओळीवर. परत आल्यावर त्या आकाशी शर्टवाल्या साहेबांनी दोघींना विचारलं, आत काय दिसलं? मी थेंबाचं सांगितलं. ती बिचारी काचेतून दिसलं तेवढंच सांगू शकली.

नोकरी मला मिळाली, आणि मी तिला लायक होते असं मला मनापासून वाटतं. पण त्या मुलीला मी विसरलेले नाही. जे मला ठाऊक होतं ते मला प्रयोगशाळेनं, अण्णांनी आणि सासूबाईंनी शिकवलेलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि फोन करणाऱ्यांनी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या फेरीला निघालेल्यांना मी आता एवढंच सांगते: पहिल्या फेरीत डोळे उघडे ठेवा. तिथली माणसं उभ्यानं काम करतात की बसून, त्यांच्या पायात काय आहे, हातात काय नाही, ते बघा. जागा तीच, ऑफिस तेच असेल तर पहिलेच कपडे धुऊन इस्त्री करा आणि खुशाल परत घाला. लोकांच्या लक्षात आपली उत्तरं राहतात. जागा बदलली असेल तर फोनवरच विचारून घ्या: कुठे कुठे फिरावं लागेल, बूट हवेत का? असं विचारलं म्हणून कुणी कमी लेखत नाही. कामाची समज असलेल्या माणसाला तो प्रश्न आवडतोच.

आणि बोलावणाऱ्यांनाही सांगायचं आहे. आता उमेदवारांना निरोप पाठवण्याचं काम आमच्या विभागाकडे आहे, आणि तो मजकूर मी लिहून दिला आहे. 'प्लँटमध्ये तासभर चालावं लागेल. सुती, अंगासरशी बसणारे कपडे घाला. बंद बूट नसतील तर मापाचा नंबर कळवा, आम्ही देऊ. दागिने घरी ठेवा. नवे कपडे घेण्याची गरज नाही.' गेल्या खेपेला आलेल्या चौघांपैकी दोघांनी बुटांचा नंबर कळवला, आणि चौघंही आत येऊन यंत्रापाशी उभे राहिले.