जोर कुठे सरकतो

जिप्सीचा पुढचा एक्सल आज मिस्त्रींनी उघडला. काळं ग्रीस पुसल्यावर सहा पोलादी छर्रे दिसले. चाक वळलेलं असतानाही त्याला सारख्याच वेगाने फिरवत ठेवणारा हा सांधा. आल्फ्रेड रझेप्पाने 1920च्या दशकात घडवलेली ही रचना हातात घेतली, तेव्हा आदरच वाटला.

स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, लो-रेंज लावलेली, चाक दगडांत अडकलेलं आणि पाय ॲक्सिलरेटरवर. अशा वेळी सगळा भार त्या छर्र्यांवर आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्यावर येतो. सह्याद्रीतल्या पावसाळी वाटांवर हे टळत नाही. म्हणून आता क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादाचे, अधिक चिवट सांधे बसवतोय.

मिस्त्री म्हणाले, "दादा, हा तुटला नाही तर जोर आत जाणार, डिफरन्शियलवर." तेव्हापासून तेच मनात घोळतंय. एक जागा भक्कम केली की कमकुवतपणा संपत नाही, सरकतो.

बाबा गेल्यावर आईने स्वतःला असंच कठीण करून घेतलं होतं. ती मोडली नाही, मग तो ताण घरात पुढे कुणाकडे गेला, हे आम्ही भावंडं कधी बोललो नाही. तिचं कणखर असणं तेव्हा आम्हाला हवंच होतं.

नवे सांधेही हवेतच. पण बाहेरचा सांधा मोडला तर वाटेत, चिखलात बसूनही बदलता येतो. डिफरन्शियलचं तसं नाही. मग आपल्यातलं आधी काय मोडावं, हे ठरवणं आपल्या हातात कितपत असतं?