मानवतहून खाडीकडे

कापसाची वेचणी आटोपली की ज्वारीची राखण घरच्या कुणावर सोपवा आणि मानवत रोडला गाडीत बसा. मुंबईहून एसटीने दापोलीमार्गे दाभोळ गाठा. भर समुद्रात जायची हौस नको. दाभोळला वाशिष्ठीची खाडी ओलांडून फेरीबोट धोपाव्याला जाते. पुढे शास्त्रीच्या मुखावर तवसाळहून जयगडला दुसरी. बाहेर लाट उसळलेली असली, तरी डोंगराच्या आडोशाने आतले पाणी बरेच संथ असते. वादळाचा बावटा लागला की ट्रॉलर अशाच जागी नांगर टाकतात. देवगडच्या बंदरात तर गुजरातच्या नौकाही आसऱ्याला येतात. जून-जुलैत मात्र जाऊ नका, तेव्हा यांत्रिक मासेमारीही बंद असते. आणि होडीचा तांडेल ‘आज नको’ म्हणाला, तर जास्त पैसे देऊन गळ घालू नका. कापसाची गाडी मोंढ्याला न्यायची, तर आपणही आधी आभाळच पाहतो.