अदिसमधला बुधवार

मुलानं माझं वॉशिंग्टनचं तिकीट अदिस अबाबामार्गे काढलं, तेव्हा मी त्याला दोनदा फोन करून ते बदलायला सांगितलं होतं. सकाळी तिथे उतरायचं आणि पुढचं विमान रात्री. “चार पैसे वाचवायला आईला कुठे उतरवतोयस,” असं मी म्हणाले होते. निघताना हातातल्या पाटल्या काढून बहिणीकडे ठेवल्या. विमान दुबईमार्गे असतं तर त्या हातातच राहिल्या असत्या. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं. तिथलं काही खावं लागू नये म्हणून ज्वारीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून घेतली.

इथिओपिया म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर १९८४ च्या दुष्काळातली हाडं वर आलेली मुलं यायची. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत तिथे पाऊस पडला असेल, त्या मुलांची लग्नं झाली असतील, हे मनात आलंच नाही. मी मराठवाड्यातली. १९७२ चा दुष्काळ लहानपणी पाहिलेला. सुकडी खाणारी पोरं एवढीच आमची ओळख कुणी धरून ठेवली असती, तर मला केवढा राग आला असता!

दुसरी गोष्ट याहून वाईट. मी एकोणतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तोही छत्रपती संभाजीनगरात. १६१० साली खडकीला हे शहर वसवलं ते मलिक अंबरनं. त्याचा भडकल दरवाजा माझ्या रोजच्या वाटेवर होता. वर्गात मी सांगायचे, “हा मूळचा हबशी गुलाम,” आणि लगेच निजामशाही, गनिमी कावा, भातवडीची लढाई. हबशी म्हणजे याच इथिओपियातला. पण ‘मूळचा’ म्हणजे नेमका कुठला, तिथे कोणत्या धान्याची भाकर होते, हा प्रश्न एकाही वर्षी मला पडला नाही. पोरांनी विचारला असता तरी उत्तर नव्हतं.

अदिसला उतरल्यावर विमान कंपनीनं दिलेल्या हॉटेलच्या खोलीत मी तासभर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले. खिडकीतून शाळेला निघालेली मुलं दिसत होती, गणवेशात, एकमेकांना ढकलत. जन्मभर पाहिलेलं दृश्य. मी शाल घेतली आणि खाली उतरले. शहर २,३०० मीटर उंचीवर, हवेत चांगला गारवा होता. हॉटेलवाल्यांनी गाडी करून दिली. चालक तिशीचा, बरं इंग्रजी बोलणारा. पर्स मी छातीशी धरली होती, ते त्यानं आरशात पाहिलं असणार.

दुपारी तो मला एका छोट्या खानावळीत घेऊन गेला. बुधवार होता. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात. मांस, अंडी, दूध काही चालत नाही. त्यामुळे माझी काळजी आपोआप मिटली. थाळ्यात इंजेरा आली. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली, जाळीदार, मोठ्या आंबोळीसारखी. तिच्यावर शिरो, म्हणजे चक्क पिठलं, नि शेजारी डाळी आणि भाज्या. दोघांनी एकाच थाळ्यात खायचं.

भारतातली म्हटल्यावर तो म्हणाला, “माझ्या आईला गणित भारतीय मास्तरांनी शिकवलं. आमच्याकडे पूर्वी गावोगावच्या शाळांत भारतीय शिक्षक असायचे. आई अजून त्यांचं नाव काढते.”

घास हातातच राहिला.

त्यानं ते सहज सांगितलं होतं, माझ्याकडे न बघता, डाळ पुढे सरकवत. पण मला पुढचं काही ऐकू येईना. त्याच्या घरात भारत म्हणजे एक गणिताचे मास्तर होते. माझ्याजवळ त्याचा देश म्हणजे एक दुष्काळ आणि एक गुलाम. आणि मी शिक्षिका! एकोणतीस वर्षं किती मुलांच्या डोक्यात मी तेवढंच भरलं असेल? तुम्ही काय करता, असं त्यानं नंतर विचारलं. मी “निवृत्त झाले” एवढंच म्हटलं. शिक्षिका होते हे सांगायचा धीर झाला नाही.

पर्स केव्हा बाकावर ठेवली, आठवत नाही.

जेवणानंतर खानावळीच्या बाईंनी समोरच निखाऱ्यांवर कॉफीचे हिरवे दाणे भाजले, त्यांचा धूर हातानं माझ्याकडे वळवला, मग ते कुटून जेबेना नावाच्या मातीच्या भांड्यात उकळले. कॉफी तीनदा देतात; तिसऱ्या कपाला ‘बरका’ म्हणतात. बरकत. हा शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाई पैसे घेईनात, कॉफी त्यांच्याकडून होती. मग मी डबा उघडला आणि दशमी पुढे केली. दुधात भिजवलीय म्हटल्यावर त्यांनी खाल्ली नाही, उपवास होता. पण तुकडा मोडून बोटांत चुरडला, नाकाशी नेला आणि हसल्या.

“माशिला,” त्या म्हणाल्या.

चालक म्हणाला, “हे आमच्याकडचं धान्य. तुमच्याकडेही पिकतं?” पुढे मुलाकडे गेल्यावर मी वाचलं. ज्वारी मूळची आफ्रिकेच्या त्याच ईशान्य भागातली, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेली. त्या दुपारी मात्र मी फक्त मान डोलावली, आणि बाईंनी उरलेली दशमी कागदात बांधून फळीवर ठेवली, उद्या खायला.